नखाएवढी चिठ्ठी

येत्या रविवारी स्पर्धा आहे, म्हणजे आज माझ्या लॅपटॉपवर बावीस याद्या पडून आहेत. सोळा पाहून झाल्या. चौदा हिरव्या, दोन लाल. लाल आलेल्या दोघांना फोन केला की ते म्हणणार, मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर चुकलंय. मी म्हणणार, बघते. पूर्वी मी 'बघते' म्हणत नसे. 'स्क्रीन लाल आहे' एवढंच म्हणून फोन ठेवायचे. हा बदल गुंजाळ काकांमुळे झाला. त्याने काम दुप्पट झालं, एवढं नक्की.

आधी खेळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सावेडीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. रविवारी हॉल रिकामा असतो. माझा दीर नितीन पुण्यात नोकरीला असताना एक खेळ शिकून आला. बोटभर उंचीचे सैनिक, ते स्वतःच्या हाताने रंगवायचे, सहा फुटी टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि दिवसभर लढाई करायची. मोठी माणसं खेळतात हे. बँकेतले, शिक्षक, एक दातांचा डॉक्टरसुद्धा आहे. प्रत्येक तुकडीला पॉइंट ठरलेले असतात, नियमांच्या पुस्तकात त्यांचा तक्ता असतो. फौजेची बेरीज दोन हजारांच्या वर जाता कामा नये. स्पर्धेआधी प्रत्येकाने आपल्या फौजेची यादी द्यायची आणि कुणीतरी ती तपासायची. हे काम कुणालाच नको असतं. आमच्याकडे सात वर्षं ते गुंजाळ काकांनी केलं.

काका मूळचे अकोले तालुक्यातले, राजूरच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. लष्करात स्टोअरला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि भिंगारला एका खोलीत राहिले. बायको आधीच गेलेली, मुलगा गावी भात लावायचा. अंगाने बारीक, कपाळावर चष्मा, खिशात एक फूटभर स्टीलची पट्टी. ती खिशातून अर्धी बाहेर यायची आणि वाकले की हनुवटीला टोचायची, तरी त्यांनी जन्मात लहान पट्टी घेतली नाही. जे हातात येईल ते वाचायचे. एसटीचं तिकीट दोन्ही बाजूंनी. लग्नाची पत्रिका छापखान्याच्या नावापर्यंत. माझ्या क्लासच्या फीची पावती त्यांनी पट्टी धरून वाचली होती आणि सांगितलं होतं, "मॅडम, तारखेत मागच्या महिन्याचा आकडा हाय."

क्लासला ते हयातीचा दाखला ऑनलाइन कसा भरायचा ते शिकायला आले. शिकवणी संपली तरी एका रविवारी आले, कारण त्यांना वाटलं क्लास चालू आहे. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, माणसं वाकून लढत होती. कुणी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. एका टेबलाजवळ उभे राहून शेजारी पडलेली यादी वाचली आणि म्हणाले, "कागदावर वीस पायदळ हाय. हितं एकोणीस हायत."

डॉक्टरसाहेबांचा एक सैनिक गाडीच्या डिकीत राहिला होता.

"कागदावर फौज लई असती," काका म्हणाले. "मैदानात किती हाय ते बोला."

त्या दिवसापासून नितीनने त्यांना सोडलं नाही. ते स्वतः मात्र कधी खेळले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चोवीस वर्षं सामान देनारा मानूस मी. गोळी झाडनारे येगळे." त्यात खंत वगैरे नव्हती. चहा साखरेचा की बिनसाखरेचा हे सांगावं, तसं सांगितलं.

यादी तपासायची त्यांची पद्धत अशी. ओळीखाली पट्टी धरायची, ओळ मोठ्याने वाचायची, पुस्तकात पॉइंट बघायचे, बरोबरची खूण करायची, पट्टी एक ओळ खाली. "डोळा घसरतो, पट्टी घसरत न्हाई." मग टेबलावर जाऊन सैनिक बोटाने मोजायचे. शेवटी यादीखाली सही आणि 'तपासली' हा शिक्का. शिक्का त्यांनी स्वतः करून आणला होता. खेळाडू त्यावर हसायचे, पण शिक्का पुसट उमटला तर परत मारून मागायचे.

हा खेळ काढणारी कंपनी अधूनमधून तक्त्यात दुरुस्त्या काढते. बाकीचे त्या मोबाईलवर वाचतात. काका माझ्याकडून छापून घ्यायचे, कात्रीने कापायचे आणि पुस्तकात चिकटवायचे. लष्करातल्या पुस्तकांना म्हणे असंच करतात. पण दुसऱ्या कुणी पूर्ण ओळ कापून चिकटवली असती, काका फक्त आकडा कापायचे. नखाएवढी चिठ्ठी, खळ लावून, बरोबर जुन्या आकड्यावर. मी म्हटलं, एवढी मेहनत कशाला? तर म्हणाले, "पुस्तक फुगायला नको."

आता सुनीलकडे येते. सुनील शिरसाठ पाथर्डीचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वय पस्तिशीचं, तोंडाने फटकळ, हाताने कसबी. त्याचे घोडेस्वार बघायला पुण्याची माणसं यायची. घोड्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका काढायचा तो, टाचणीने. पण पहिल्याच स्पर्धेत त्याने लबाडी केली. तोफेचे पॉइंट कमी झालेत म्हणून मोबाईलवर कंपनीचं पान दाखवलं. काकांनी ते छापून मागितलं, पट्टी धरली, आणि बराच वेळ एकाच आकड्याकडे बघत राहिले.

"हा आठ दुसऱ्या घरचा हाय," ते म्हणाले. "बाकीचे आठ बारीक, ह्योच एकटा जाड."

सुनील हसत सुटला. "मेजर, बघत हुतो तुमी बघताय का!"

"मेजर न्हाई. हवालदार," काका म्हणाले. "आन् बघतो मी."

सुनीलला एक स्पर्धा बंदी झाली. तेव्हापासून काकांनी नियम केला: तपासणीच्या टेबलावर मोबाईल उलटा ठेवायचा, पुरावा फक्त पुस्तकाचा. सुनीलने नियम पाळला. पुढे त्याने कधी घोळ केला नाही, हेही सांगायला हवं. पण एकदा केलेलं लोक विसरत नाहीत. त्याची यादी पुढे आली की कुणीतरी म्हणायचंच, "काका, पट्टी जरा घट्ट धरा."

खेळाडू तीसच्या वर गेले तेव्हा काकांना याद्या तपासायला पुरे दोन दिवस लागू लागले. मान अवघडायची. बाजारात तयार सॉफ्टवेअर आहे, पण ते पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं, आणि आमची मंडळी जुनीवर अडून बसलेली. म्हणून मीच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादी टाकायची, बेरीज बरोबर असेल तर स्क्रीन हिरवी, नाहीतर लाल आणि जास्तीचे पॉइंट किती ते. पण आधी त्याला सगळा तक्ता द्यायला हवा. काकांनी आपल्या पुस्तकातून सांगितला, मी टाइप केला. मग उलट: मी स्क्रीनवरून वाचला, त्यांनी पुस्तकात पट्टी धरून पाहिला. एकही फरक नाही. आम्ही दोघंही खूश. दोन माणसांनी दोनदा तपासलं, पण पुस्तक एकच होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कॉम्प्युटर शिकवते मी. यायला हवं होतं.

"ह्याला शिकवलं कुनी?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"मग ठीक."

मला वाटलं होतं कुरकुर करतील. उलटंच झालं. त्यांना ते यंत्र फार आवडलं. पट्टी खिशातच राहू लागली. "पुस्तक म्हनतं, यंत्र म्हनतं. दोन साक्षीदार झाले," असं ते नव्या खेळाडूंना सांगायचे.

मग ती दिवाळीनंतरची स्पर्धा आली. जिंकणारा पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. आपल्या जिल्ह्यातून तोवर कुणी गेलं नव्हतं. सुनीलने दोन वर्षं खपून नवी फौज केली होती, पंधरा हलके घोडेस्वार, पाच-पाचच्या तीन तुकड्या. त्याची यादी टाकली आणि स्क्रीन लाल. ऐंशी पॉइंट जास्त.

"असं कसं?" सुनील म्हणाला. "हलके घोडेस्वार ऐंशीला हायत. तीन तुकड्या, दोनशे चाळीस."

काकांनी पुस्तक उघडलं. हलके घोडेस्वार, त्यावर चिठ्ठी: एकशे दहा.

"मेजर, ते न्हाई वाढले. जड घोडदळाचं वाढलंय. मोबाईलवर दाखवतो, थांबा."

"मोबाईल उलटा ठेव," काका म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "पाथर्डीचा आठ परत जाड झाला काय?" हॉल हसला. सुनीलने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी तरी बघा एकदा."

मी म्हटलं, "स्क्रीन लाल आहे, सुनील."

ती दुरुस्ती माझ्याच प्रिंटरवर छापली होती. फाइल त्याच लॅपटॉपवर होती. दोन मिनिटांचं काम. पण साडेनऊ वाजले होते, वीस जण रांगेत होते आणि माणूस तोच होता.

"एक तुकडी खाली," काका म्हणाले. सुनीलने पाच घोडे उचलून डब्यात ठेवले. एक एक करून, फोममध्ये. मग मोबाईल न उघडता खेळायला गेला. संध्याकाळी तो शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि हरला. शेवटच्या डावात डावीकडची टेकडी मोकळी राहिली, ती धरायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. हात मिळवताना तो एवढंच म्हणाला, "माझे पाच घोडे डब्यात हायत." त्यानंतर आला नाही. नितीनचे फोन उचलले नाहीत. लोक म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. मीही काही वेगळं म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, माझी टायपिंगची बॅच चालू असताना काका दारात उभे राहिले. क्लास चालू असताना ते कधी येत नसत. बगलेत पुस्तक, चिमटीत काहीतरी.

"मॅडम, बाहेर या."

उन्हाने खळ सुकली होती. चिठ्ठी पुस्तकातून गळून त्यांच्या खोलीच्या फरशीवर पडली होती. परत चिकटवायची म्हणून त्यांनी छापील दुरुस्ती शोधून काढली, कुठल्या ओळीवर लावायची ते बघायला. एकशे दहाचा आकडा जड घोडदळाचा होता. त्यांनी तो एक ओळ खाली लावला होता. चिठ्ठीवर नुसता आकडा, नाव नाही, त्यामुळे ती कुठल्याही ओळीवर चोख बसली असती.

मी आत जाऊन लॅपटॉपवर फाइल उघडली. खरं होतं. जड घोडदळ त्या दिवशी कुणी आणलंच नव्हतं. हलके आणणारा एकटा सुनील. म्हणजे पूर्ण स्पर्धेत त्या चिठ्ठीने एकच माणूस कापला होता.

"त्याला फोन करा, काका," मी म्हटलं. "सांगा, चूक झाली. मीही बोलते. पाच महिने झालेत, आता आणखी काय करणार?"

"फोनवर गिनती व्हत न्हाई."

"कसली गिनती?"

"पुस्तक माझं, यंत्र तुमचं. दोघांनी जायचं."

रविवारी आम्ही एसटीने पाथर्डीला गेलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, पुस्तक त्यांच्या. कंडक्टरने तिकिटं दिली, काकांनी आपलं दोन्ही बाजूंनी वाचलं, मग माझं मागून घेतलं आणि तेही वाचलं. करंजीच्या घाटात म्हणाले, "जाड आठ मी पकडला हुता. तवाच घमेंड आली." मी खिडकीबाहेर बघत होते.

सुनीलच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एकाला स्क्रीनगार्ड लावून हवा होता, दुसऱ्याचा फोन चार्ज होत नव्हता. आम्हाला बघून त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही.

"आज इकडं कुठं, मेजर? आता काय राहिलंय?"

काकांनी पुस्तक काउंटरवर उघडलं, छापील दुरुस्ती शेजारी ठेवली आणि दोन्हींखाली पट्टी धरली. सुनीलने वाचलं. मी लॅपटॉप फिरवला. सुधारलेल्या तक्त्यावर त्याची जुनी यादी टाकून ठेवली होती. स्क्रीन हिरवी. एक हजार नऊशे नव्वद.

"मग?" तो म्हणाला. "आता टेकडी परत देताय का मला?"

"न्हाई."

"पुण्याला धाडताय?"

"ती स्पर्धा झाली."

"मग कशाला आलाय राव ऊन खात?"

"तुझे घोडे मांड," काका म्हणाले.

वाटलं, हाकलून देतो आता. पण त्याने मागच्या फळीवरून डबा काढला आणि काचेवर, मोबाईलच्या कव्हरांच्या मधोमध, घोडे मांडले. काकांनी बोटाने मोजले. परत मोजले.

"चौदा हायत."

"पंधरावा पोरीकडं हाय. घेऊन गेलीय मामाच्या गावाला. खेळत न्हाई म्हटल्यावर काय करायचं ठेवून?"

काकांनी खिशातून त्या दिवशीची यादी काढली. तिच्यावर लाल पेनाने एक तुकडी खोडलेली, खाली शिक्का. त्याखाली त्यांनी लिहिलं, मी काउंटरवरून उलटं वाचलं: 'यादी बरोबर होती. चूक तपासणाऱ्याची.' सही केली, तारीख घातली.

सुनील हसला, पण तोंड वाकडं करून. "त्या दिवशी पुरे पंधरा हुते तर इश्वास न्हवता. आज चौदा हायत तर सही?"

काकांनी कागद पुढे सरकवला. सुनीलने तो घेतला नाही.

"समद्यांसमोर खोटं पाडलं मला. आता समद्यांसमोर वाचा."

दुकानात समदे म्हणजे ती दोन गिऱ्हाइकं आणि मी. काका सरळ उभे राहिले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि हजेरी घेतल्यासारखं खड्या आवाजात वाचलं. तुकडीचं नाव, संख्या, पॉइंट, बेरीज, आणि खालची ओळ. स्क्रीनगार्डवाला घाबरून उठून उभा राहिला. चार्जिंगवाल्याने हळूच मला विचारलं, "कोर्टाचं हाय का?"

मी म्हटलं, "नाही. मीही त्यात आहे." आणि सुनीलला म्हटलं, "मी बघायला हवं होतं. दोन मिनिटं लागली असती."

"व्हय," सुनील म्हणाला. "दोनच."

मग त्याने कागद घेतला, घडी करून गल्ल्याच्या खाली सरकवला, आणि चहा सांगितला. निघताना नितीनचा निरोप दिला, पुढच्या स्पर्धेला ये म्हणून. "बघू," तो म्हणाला आणि स्क्रीनगार्डची पुडी फोडली. अजून आलेला नाही. येत्या रविवारच्या बावीस याद्यांतही त्याची नाही.

काकांनी तोच मजकूर खेळाडूंच्या ग्रुपवर माझ्याकडून टाकून घेतला. बऱ्याच जणांनी अंगठे दिले, त्या दिवशी जाड आठचा टोमणा मारणाऱ्याने हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी रंगांच्या डब्या कुठे मिळतात यावर चर्चा सुरू झाली. पुस्तक काकांनी मला दिलं. शिक्का दिला नाही, कुठे गेला ते मी विचारलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एक बदल मागितला: तक्ता दोघांनी भरायचा, दोन वेगवेगळ्या पुस्तकांवरून, एकमेकांचं न बघता, आणि दोन्ही जुळले तरच तो वापरायचा. मी आणि नितीन आता तसं करतो. प्रत्येक दुरुस्तीला नितीन शिव्या घालतो, पण करतो.

जूनच्या आधी काकांनी भिंगारची खोली सोडली. गुडघे दुखतात, मुलगा बोलावतो, असं सांगितलं. दोन्ही खरंच होतं. मी स्कूटीवरून त्यांची ट्रंक एसटी स्टँडला पोहोचवली. अकोल्याची गाडी लागलेली होती. ते चढले, दारामागच्या बाकावर बसले, मांडीवर पिशवी. ट्रंक आत सरकवून मी खाली खिडकीशी उभी राहिले. माझी अकराची बॅच होती, पण गाडी सुटेपर्यंत थांबले.

कंडक्टर आला. काकांनी पैसे दिले, तिकीट घेतलं. चष्मा डोळ्यांवर आला. पुढची बाजू वाचली, मागची वाचली, पट्टी काढायला हात खिशाकडे गेला आणि तसाच थांबला. मग त्यांनी ते तिकीट शेजारी बसलेल्या, मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेतलेल्या अनोळखी माणसापुढे धरलं.

"भाऊ, जरा बघा. अकोलेच लिव्हलंय ना?"

त्या माणसाने एकदा तिकिटाकडे आणि एकदा काकांकडे बघितलं. "व्हय बाबा, अकोलेच हाय."

"नीट बघा," काका म्हणाले.